गाय, दावं आणि तिसरं रीळ

अन्याय झाला तो जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कवडी वेचणाऱ्या अकरा बायांवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे कुणाला विसरल्याचं सोंग घेता येणार नाही. चौऱ्याहत्तर सालच्या पौषात, शनिवारी, दुपारी साडेतीनला, दुसरं रीळ संपून तिसरं चढायच्या आत. करणारे कोण? आम्ही. वाशीमचं आमचं चित्रपट मंडळ. मी त्याची सहचिटणीस, हेही इथंच लिहून ठेवते.

रागाचं पुढे येईलच. आधी आनंदाचं सांगू द्या, कारण तो एवढा नसता तर राग तरी कशाला आला असता?

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. मजुरी, रेशन, नळाचं पाणी. बोटांची शाई जेवतानाही निघायची नाही. सिनेमा म्हणजे लोकांना झोपवायची गोळी, असं मी एका पत्रकात ठोकून दिलं होतं. आमच्या टॉकीजमध्ये जे लागायचं ते पाहून दुसरं काय लिहिणार? मुख्य चित्राआधी सरकारी माहितीपट लागायचा, तेव्हा सगळी जनता बाहेर बिड्या ओढत उभी असायची. मीही बाहेरच. बिडी सोडून.

मग कॉलेजातल्या भूगोलाच्या सरांनी मंडळ काढलं. परदेशी वकिलातींना पत्रं लिहिली की त्या फिल्म पाठवतात, असा शोध त्यांना लागला होता. अकोल्याहून येणाऱ्या पॅसेंजरनं पत्र्याचे चपटे डबे यायला लागले. पहिल्या डब्यात काय होतं सांगू? गोठलेलं तळं. माणसं करवतीनं त्याच्या लाद्या कापतायत, शहाबादी फरशी कापावी तशा, आणि घोडे त्या लाद्या ओढून नेतायत. एवढंच! ना हिरो, ना गाणं. मी संपेपर्यंत उभीच होते, बसायचं राहूनच गेलं. पुढच्या डब्यात एक म्हातारा घड्याळजी गावाच्या मनोऱ्यावरचं बंद पडलेलं घड्याळ खोलतो, पुसतो, पुन्हा जोडतो. घड्याळ चालू झालं तेव्हा सरांनी आणि मी लहान पोरांसारख्या टाळ्या पिटल्या. अरे, हे जगात चालू होतं आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही? मी त्या आठवड्यात भेटेल त्याला धरून लाद्यांची गोष्ट सांगत सुटले. झोपेच्या गोळीचं पत्रक मी माझ्या हातांनी फाडलं.

खेळ व्हायचा जिनाच्या गोदामात, कारण मंडळाचे अध्यक्ष म्हणजे जिनाचेच मालक. शनिवारी दुपारी खिडक्यांना बारदान ठोकायचं, समोर मांजरपाट ताणायचा, पुढे सभासदांच्या खुर्च्या. यंत्र कॉलेजचं, चालवणारे सर.

त्या शनिवारी गोदामात बाया होत्या. कापसातली पिवळी, किडकी बोंडं वेचून बाजूला काढायची, ती कवडी. ते त्यांचं काम. बारदान लागलं, अंधार झाला, काम थांबलं. अध्यक्ष म्हणाले, "बसू द्या मागं, कापसावर." मी या बायांच्या मजुरीवर दोन पत्रकं काढली होती. एकदाही सिनेमाला या म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही म्हटलं नाही. अंधारानं म्हटलं.

फिल्म अशी. कुठल्याशा डोंगरी मुलखातली एक म्हातारी गाय घेऊन बाजाराला निघते. चालते, चालते, चालते. बोलणं जवळपास नाहीच. पहिल्या रिळातच पुढच्या खुर्च्यांवर माना पडल्या. आणि मागून सुरू झालं.

"माय वं! हे तं आपल्या केनवडच्या बाजाराले निंगाल्यावानीच निंगाली."

"गाय गाभन हाय, पाह्य न. मागचे पाय कसे टाकून राह्यली."

"काहून इकत असंन वं गाभन गाय?"

"बुढा मेला असंन. पोरगा पीत असंन. अजून काहून इकते?"

पुढून एक वकील मान वळवून म्हणाले, "श्श!" मागून उत्तर आलं, "तुमी झोपा न बाप्पा, आमी नाही उठवत."

दुसऱ्या रिळात पूल आला. लाकडी, हलणारा. गाय पुलावर पाय टाकेना. म्हातारी खाली बसली, गाठोडं सोडलं, त्यातून एक कोरं दावं काढून मांडीवर ठेवलं आणि गायीच्या गळ्यातल्या जुन्या दाव्याकडे बघत राहिली. मला त्यात काही दिसलं नाही. मागे मात्र सगळ्या जणी पुढे झुकल्या. मग सगळ्यांत वयस्क बाई हळूच म्हणाली, "अवो, इचा तं इचारच पक्का हाय."

मी मागे सरकून विचारलं, "मावशी, कशावरून?"

"पोरी, ढोर इकलं तरी आपलं दावं नाही देत कोनी. दावं घरी आनून खुट्याले बांधतो, गोठा उजाड नाही होत. हे नवं दावं गिऱ्हाइकासाठी आनलं इनं."

"पन टाकलं कुठी अजून गळ्यात?" दुसरी उसळली. "वापस फिरन पाह्य ते, पुलावरूनच!"

"नाही फिरत."

"फिरते! तू हारली तं माह्या घरी चुलीसाठी पऱ्हाटीचा भारा वाहून आनशीन."

"आन् तू हारली तं दोन!"

वकिलातीनं फिल्मबरोबर माहितीचा कागद पाठवला होता. त्यात लिहिलं होतं की पूल म्हणजे जुन्या आणि नव्या जगातलं अंतर. दाव्याबद्दल एक अक्षर नाही! कुठल्या देशातल्या बाईनं गाठोड्यातून दोरी काढली आणि वाशीमच्या जिनातल्या अकरा बायांनी तिचं मन वाचलं. मला ओरडावंसं वाटत होतं. खरं सांगते, इतकी खूश मी कुठल्याही मोर्चात झाले नाही.

रीळ संपलं. सरांनी दिवा लावला. त्याच वेळी दारात अकोल्याचे प्राध्यापक आले, चर्चेचे पाहुणे. अध्यक्ष उठले.

"चला बायांनो, झालं तुमचं. पाहुणे आले."

वयस्क बाई उठली नाही. "आन् गाय?"

"कोणती गाय?"

"थे. पुलावरची."

वकील म्हणाले, "गाय गेली गोठ्यात!" खुर्च्या हसल्या.

"कोनाच्या गोठ्यात?" तिनं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. अकराच्या अकरा जणी त्याच प्रश्नाला लटकल्या होत्या, आणि उत्तर सरांच्या हातातल्या रिळात होतं.

त्यांना बाहेर काढलं. दारावरचं बारदान पुन्हा खाली सोडलं. तिसरं रीळ लागलं. प्राध्यापक अर्धा तास पुलावर बोलले.

आणि मी? मी आतच राहिले. मलाही शेवट बघायचा होता.

सोमवारी जिनात गेले. बाया कवडी वेचत होत्या, पैजेवरून तोंडं चालूच होती. मी म्हटलं, "मावशी, शेवट सांगते."

तिनं हात वर केला. "थांब. आमाले बाहीर काढलं तवा तू कुठी होती?"

"आत."

"मंग गप बस. तू सांगशीन तं ते तुह्यी गाय होईन. मले माह्या डोयानं पाह्यची हाय." आणि शेजारणीला म्हणाली, "बोलून टाकन हे पोट्टी, तोंडात कापूस कोंबा तिच्या!" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत मान वर झाली नाही.

डबा परत गेला होता. मी मंडळाला तीन पत्रं दिली: फिल्म पुन्हा मागवा. उत्तर मिळालं, पाहिलेलीच फिल्म पुन्हा मागवण्यात सभासदांना रस नाही. पाहिलेली कुणी? होळीला हंगाम संपला, बाया पांगल्या. कुणी केनवडला, कुणी इंझोरीला. यंदा जिन सुरू झालं तेव्हा अकरातल्या नऊ परत आल्या. मावशी त्यात आहे. पऱ्हाटीचा भारा अजून कुणीच वाहिलेला नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या सभासदांनो, शेवट काय होतो ते मला रस्त्यात अडवून विचारू नका, सांगणार नाही. आज पोस्टकार्ड घ्या आणि मंडळाला लिहा: गायीची फिल्म मागवा, होळीच्या आत, जिन चालू असताना. त्या शनिवारी पुढच्या खुर्च्या बायांना सोडा. तुम्ही मागे कापसावर बसा, तोंड मिटून. आणि तिसरं रीळ संपेपर्यंत कुणीही, कितीही मोठा पाहुणा दारात येवो, दिवा लावू देऊ नका.