बिनखिडकीच्या खोलीतला उजेड

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण आधी शपथ घेतो की आपला असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मला शपथेची गरज नाही, माझी नोकरीच त्याचा पुरावा आहे. मी नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. एका घरात भिंतीतून कोणीतरी रडतं म्हणून मला बोलावलं, मी पाण्याच्या पाइपात अडकलेली हवा काढून दिली, रडणं बंद. दुसऱ्या एका घरातली 'बाधा' म्हणजे तुंबलेला संडास निघाला. तेव्हा मला कोणी भाबडा समजू नये. मी पक्का खडूस माणूस आहे... नात हे टाइप करते आहे, ती मान डोलावते आहे.

साठ सालानंतरची दोन-चार वर्षं. गाव लोणावळा. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, नोकरीत नवीन, आणि स्वतःला फार शहाणा समजणारा. राहत्या खोल्या तपासायचं काम माझ्याकडे होतं. खोली केवढी, माणसं किती, ओल किती, हवा-उजेड किती, हे बघून फॉर्म भरायचा. शेवटी दोनच शब्द असत — योग्य किंवा अयोग्य. अयोग्य लिहिलं की सात दिवसांत खोली रिकामी करायची. त्या माणसांनी जायचं कुठे, हे फॉर्ममध्ये कुठेच विचारलेलं नसे. मलाही तेव्हा ते विचारावंसं वाटत नव्हतं, खोटं कशाला बोलू.

खिडकी नसेल तर खोली सरळ अयोग्य. पण जुन्या बांधकामाला एक सवलत होती. कुठूनतरी पुरेसा उजेड येत असेल तर पास करता यायची. आता 'पुरेसा' म्हणजे किती? माझ्या साहेबांनी मला एक रीत शिकवली होती. भर दुपारी आत जायचं, दार लावून घ्यायचं, मधोमध उभं राहायचं आणि फॉर्मच्या तळाशी जी बारीक छपाई असते ती वाचायची. वाचता आली तर योग्य, नाही आली तर अयोग्य. दार लावून अशासाठी, की लोणावळ्याच्या पावसात दार उघडं टाकून कोण बसतो?

भुशीच्या रस्त्याला एक बैठी चाळ होती. डोंगर खोदून केलेल्या सपाटीवर आठ खोल्या, पाठ डोंगराला टेकलेली. मागच्या भिंतीपलीकडे गल्ली नाही, बोळ नाही, नुसता कातळ. शेवटच्या खोलीत गंगूबाई नावाची विधवा बाई राहायची. मूळची बेडशाच्या डोंगराखालच्या वाडीतली, इथे बांधकामावर पाट्या उचलायची. तिची मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणाला आली होती, आठवा सरत आला होता. वाडीत दवाखाना नाही, इथे नर्सबाई पाच मिनिटांवर, म्हणून मुद्दाम आलेली. मालकाला ती खोली मोकळी हवी होती. त्यानेच अर्ज केला होता, खोली अंधारी आहे, तपासा म्हणून.

जुलैचा महिना. तीन आठवडे सूर्य दिसला नव्हता. धुकं असं की आमचा शिपाई तुकाराम चार पावलं पुढे गेला की दिसेनासा व्हायचा. आम्ही बाराच्या सुमाराला पोचलो. मी बाहेरूनच बघितलं. खिडकी नाही, झरोका नाही, वर सलग पत्रा. म्हटलं, झालं, दोन मिनिटांचं काम. गंगूबाईला तसं बोललोही, आणि आत वाचता आलं तरच खोली पास होते हेही सांगितलं. ती शांतपणे म्हणाली,

"उजेड हाय साहेब. दार लावून बगा."

मला हसूच आलं. त्या दोघींना वळचणीखाली उभं करून मी आत गेलो आणि दार लावलं.

आधी डोळ्यांपुढे काळोख. चुलीचा वास, ओल्या गोधड्यांचा वास. मी फॉर्म डोळ्यांसमोर धरला आणि मनात वीस आकडे मोजले, ही माझी सवय. पंधरा-सोळाच्या आसपास छापील रेघा दिसायला लागल्या. विसाला मी वाचत होतो. तळाची बारीक छपाई, छापखान्याच्या नावासकट, अक्षर न् अक्षर. म्हटलं, पत्र्याला कुठेतरी भोक आहे. वर बघितलं तर पत्रा धड. दाराच्या फटीत गोणपाट कोंबलेलं. मग खाली बघितलं.

माझ्या पायाशी ऊन पडलं होतं.

ऊन! चांगलं पिवळं, हातभर लांब-रुंद, आणि त्यात चार गजांच्या चार सावल्या. खिडकीतून सकाळी जमिनीवर पडतं ना, तस्सं. माझा उजवा बूट त्यात होता आणि बुटातून ऊब लागत होती. मी मागच्या भिंतीकडे बघितलं. मातीने लिंपलेली, ओल धरलेली, सलग भिंत. तिच्यात सुईएवढंही छिद्र नव्हतं.

अजून मी घाबरलो नव्हतो बरं का. डोक्यात हिशेब चालू होता, आरसा असेल, भांडं चमकत असेल... तेवढ्यात त्या उन्हात डाव्या बाजूने एक सावली आली. डोकं आणि खांदे. खिडकीबाहेरून जाता जाता कोणी थांबावं, तशी ती थांबली. मग वाकली. मग दोन हातांच्या सावल्या वर आल्या आणि त्यांनी दोन गज धरले. कोणीतरी आत बघत होतं. जिथे नुसता कातळ आहे तिथे उभं राहून.

डोक्याची ती सावली हळूहळू सरकत माझ्या बुटावर आली. आली आणि पायाची ऊब गेली. एवढंच झालं, पण ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. मी दाराकडे कसा पोचलो, कडी कशी काढली, मला सांगता येणार नाही.

बाहेर तुकाराम बिडी ओढत होता, त्याला काही पत्ताच नव्हता. गंगूबाई मात्र माझ्या तोंडाकडे बघून समजली. तिने तुकारामला जरा लांब जाऊ दिलं आणि विचारलं,

"वाचलं न्हवं तुमी?"

मी विचारलं, "मावशी, आत काय आहे ते?"

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. सहा वर्षांपूर्वी राहायला आल्या दिवसापासून तो उजेड आहे. दार लावलं की येतो, उघडलं की जातो. ती सावली पूर्वी कधीमधी यायची, सुमन आल्यापासून रोज येते. सुमन जिथे निजते तिथे बघते आणि निघून जाते. कोण आहे, का येतं, तिला माहीत नव्हतं आणि तिने कधी शोधलंही नव्हतं.

मी म्हटलं, "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"त्येची न्हाई वाटत," ती म्हणाली. "तुमच्या कागदाची वाटतीया. पोरीचा म्हैना भरत आलाय साहेब. एवढं बाळातपण होऊ द्या, मग काडा आमाला भायेर."

सुमन बाजूला पोटावर हात ठेवून उभी होती.

मी कचेरीत येऊन फॉर्म पुढ्यात घेऊन बसलो. वाचता आलं होतं, तेव्हा माझ्या रीतीप्रमाणे खोली योग्य. पण उजेड कुठून येतो, या रकान्यात काय लिहू? साहेबांनी विचारलं तर काय सांगू? आणि पास केली तर दर वर्षी फेरतपासणी, म्हणजे मला पुन्हा त्या खोलीत जाऊन दार लावायला लागणार... मी स्वतःची समजूत घातली की पोटुशा पोरीला असल्या जागी ठेवणं बरं नव्हे, मी तिचं भलंच करतो आहे. आणि लिहिलं — 'उजेड नाही. वाचता येत नाही. अयोग्य.'

आठव्या दिवशी खोली रिकामी झाल्याची खात्री करून सील लावायला मलाच जायला लागलं. आदली रात्र कुशी बदलत काढली, पण नियम म्हणजे नियम. मायलेकी आदल्या दिवशीच वाडीला गेल्या होत्या, भर पावसात, डोक्यावर गाठोडी घेऊन. मी तुकारामला म्हटलं, तू चल आत. आम्ही दोघं आत गेलो. दार उघडं होतं तोवर रिकामी खोली, बाकी काही नाही. तेवढ्यात वाऱ्याने दार धाडकन लागलं.

ऊन आलं. आणि सावलीही आली, पण या वेळी ती थांबेना. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, वाकून, पुन्हा उठून... हातांच्या सावल्या एक गज सोडून दुसरा धरत होत्या. एखादी बाई हरवलेलं मूल शोधत असते ना, अगदी तशी तिची तगमग चालली होती. तुकारामने माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ होते. मग सगळं एकदम थांबलं. सावली सरळ आमच्याकडे लांबत यायला लागली. आम्ही दार ढकलून बाहेर पडलो ते रस्त्यापर्यंत पळालो. परत जाऊन सील मीच लावलं, तुकाराम पन्नास पावलांवरून बघत होता.

त्या आठवड्यात माझी झोप उडाली. शेवटी रजा टाकली, कामशेतला उतरलो आणि चिखल तुडवत बेडशाची वाट धरली. गंगूबाईला परत आणायचं, खोली पास करायची, साहेब काय म्हणतील ते म्हणोत, असं ठरवून.

वाडीत एका झोपडीपुढे गंगूबाई बसली होती. आत सुमन भिंतीकडे तोंड करून पडलेली. गंगूबाईने मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. पोरगा झाला होता म्हणाली. आडवा आला. रात्रभर बायकांनी खटपट केली, नर्सबाईला आणायला माणूस निघाला तर नाल्याला पूर. दोन दिवस जगला. मला वाटलं आता ही मला शिव्या घालील, आणि घालायलाच हव्या होत्या. तिने एवढंच विचारलं,

"साहेब, तुमाला आत वाचाय आलं व्हतं न्हवं?"

मी काहीतरी ततपप केलं. मग उठलो.

चाळ पुढे पाडली. डोंगर आणखी खोदला, तेव्हा मी मुद्दाम जाऊन बघितलं. भिंतीमागे कातळच होता, पोकळी नाही, भुयार नाही, काही नाही. ऊन कुठून यायचं, गज कसले, बघणारं कोण होतं आणि ते त्या पोरीसाठीच का यायचं, यातलं मला काही कळलेलं नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही. तुकाराम गेला, तो या विषयावर एकदाही बोलला नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा.

पण गंगूबाईच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यापासून माहीत होतं. मला वाचता आलं होतं, मावशी. अक्षर न् अक्षर.