मामाची मांडी

माझ्या थोरल्या जावेच्या मुलाचं जावळ काढायला आम्ही अंथुर्ण्याहून चिंचलीला गेलो, तेव्हा त्या प्रवासाची सगळी आखणी माझ्याकडं होती. किती वाजता निघायचं, कुठं थांबायचं, तान्ह्याला काय भरवायचं, सगळं. लोकांनी कौतुक केलं माझं. त्या आखणीत मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आमच्यात पहिलं जावळ काढताना पोराला मामाच्या मांडीवर बसवतात. पहिली बट मामा कापतो, मग न्हावी पुढं होतो. मामानं नवे कपडे आणायचे, त्याला टॉवेल-टोपी करायची. बहिणीच्या सासरी भावाला काय किंमत आहे, हे तेवढ्या वेळात सगळ्या गावाला कळतं.

त्याच्या चार वर्षं आधी माझ्या मुलीचं जावळ गावातच, बिरोबाच्या देवळापुढं काढलं. माझा धाकटा भाऊ कऱ्हाटीहून येणार होता. त्याची यष्टी लासुर्ण्याला बंद पडली. तो तिथून चालत निघाला, पण इकडं पंगत खोळंबली होती. मी म्हटलं, थोडं थांबू. जाऊ म्हणाली, "थांबून काय करायचं? मामा त्यो मामाच. माझा दादा हितं बसलाय, त्यो काय परका हाय?"

सासऱ्यांनी मान हलवली. तिचा दादा बसला. माझी मुलगी त्याच्या मांडीवर रडून लाल झाली.

माझा भाऊ आला तेव्हा न्हावी वस्तरा पुसत होता. भावाच्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत धूळ, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला फ्रॉक. जाऊ वाढता वाढता म्हणाली, "आलासा व्हय पाव्हणं! बसा, भात हाय अजून शिल्लक." बायका हसल्या. भाऊही हसला. जेवला, फ्रॉक माझ्या हातात दिला आणि गेला. त्या दिवशी मी काही बोलले नाही. न बोलायची मला सवयच आहे. पण ते वाक्य मी जपून ठेवलं.

मग जावेला, लग्नानंतर नऊ वर्षांनी, मुलगा झाला. नवसाचा. जावळ कुलदेवीपुढंच काढायचं ठरलं, म्हणजे कर्नाटकात, चिंचलीला मायाक्काच्या दारी. पोर दीड वर्षाचं. जीपनं आठ-नऊ तासांचा रस्ता. घरात सलग एवढा प्रवास कुणी केलेला नव्हता, आणि मी अंगणवाडीत काम करत असल्यानं लेकरांचं सगळं मला कळतं असा समज होता. सासरे म्हणाले, "बाई, तूच लिव्ह सगळं कागदावर."

मी लिहिलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पोरासाठी मऊ भात निराळ्या डब्यात. लंगोट दोन डझन. जीपच्या वरच्या दांड्याला लुगड्याची झोळी बांधायची, म्हणजे पोर झोपेल. दुधापाशी मात्र गाडी अडली, कारण पोर शेळीशिवाय दुसऱ्या दुधाला तोंड लावत नव्हतं.

"मंग शेळीच घिऊ बरूबर," सासरे म्हणाले.

"जीपमंदी शेळी? आबा, माणसं कुठं बसवायची?" जाऊ म्हणाली.

"तुझ्यापरीस गप बसंल ती."

शेवटी शेळी राहिली आणि दूध थर्मासमधून न्यायचं ठरलं. जीप ठरवली ती माझ्याच भावाची. म्हणजे मालक बारामतीचा, पण चालवायचा माझा भाऊ. ओळखीचा माणूस, पोराला जपून नेईल, असं मीच सुचवलं. तोवर माझ्या मनात काही नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले.

जावेचा दादा इंदापूरच्या पलीकडं वस्तीवर राहायचा. त्याला स्टँडसमोर जीपमध्ये घ्यायचं होतं. मी सगळ्यांदेखत पोस्टकार्ड लिहिलं: सोमवारी सकाळी नऊ वाजता इंदापूर स्टँडसमोर उभे राहावे. कार्ड पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच लक्षात आलं की नऊला इंदापूर सोडलं तर सांगोल्याच्या पुढं ऐन उन्हात सापडू. पोर उन्हात ओकायचं. मी म्हटलं, पाचला घर सोडू, सहाला इंदापूर, पोर झोळीत झोपेतच अकलूज गाठेल. सगळ्यांना पटलं. जाऊ म्हणाली, "दादाला कळवा हं बाई."

"कार्ड अजून माझ्याकडंच आहे. नऊचं सहा करते नि टाकते."

एक शब्द खोडायचा होता. पोस्टाच्या पेटीपुढं उभी राहून मी पेन काढलं. टोपणही काढलं. मग "भात हाय अजून शिल्लक" कानात वाजलं, आणि मी कार्ड होतं तसं पेटीत टाकलं.

त्या सोमवारी सहाला आम्ही इंदापूरच्या स्टँडसमोर उभे होतो. जाऊ जीपमधून उतरून प्रत्येक यष्टीतून उतरणारी माणसं बघत होती. अर्धा तास झाला. भाऊ म्हणाला, "ताई, अजून थोडं थांबूया का?" मी म्हटलं, "ऊन चढेल. पोराचं बघायला नको का?" सासरे म्हणाले, "यील मागनं यष्टीनं. चला." जाऊ आत बसली.

पोरानं वाटेत कुणालाच त्रास दिला नाही. अकलूजपर्यंत झोपलं. जागं झाल्यावर भावानं त्याला मांडीवर घेऊन हॉर्न दाबू दिला, तर मिरजेपर्यंत ते त्याच्या शर्टाची कॉलर सोडेना. दूध तेवढं नासलं, भातावर भागलं. माझी आखणी उत्तम होती.

चिंचलीला न्हावी वस्तरा घासत बसला, तरी दादाचा पत्ता नाही. जाऊ दर थोड्या वेळानं रस्त्यापर्यंत जाऊन यायची. सासरे अवघडले. तेव्हा मी, कधी न बोलणारी, सगळ्यांसमोर बोलले.

"थांबून काय करायचं, जाऊबाई? मामा तो मामाच. माझा भाऊ इथं आहे. तो काय परका आहे?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला तिचं वाक्य आठवलं, हे मला दिसलं. भाऊ मागं सरला. "ताई, नगं. त्याचा मामा यील की."

"बैस," मी म्हटलं.

तो बसला. पोर आपणहून त्याच्या मांडीवर चढलं आणि हसायला लागलं. पहिली बट त्यानं कापली. टॉवेल-टोपी त्याला झाली. जाऊ पदर तोंडाला लावून रडत होती, बायकांना वाटलं आनंदानं. मला फार गोड लागलं ते. खोटं कशाला लिहू? परतीच्या वाटेवर मी चार वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपले.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. फिटंफाट झाली म्हणून गप्प राहिले असते.

तीन दिवसांनी दादा आमच्या दारात आला. बरोबर बायको. पोराचा झबला-कोट, चांदीचे वाळे, सगळं फडक्यात बांधलेलं. ती दोघं सोमवारी दुपारी दोनपर्यंत स्टँडसमोर उभी होती. त्याला वाचता येत नव्हतं. कार्ड त्याला बायकोनं वाचून दाखवलं होतं. त्यांच्या वस्तीवर तेव्हा प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग चालायचा. ती वर्षभर कंदील घेऊन त्या वर्गाला गेली होती, आणि हे कार्ड म्हणजे घरात तिनं वाचलेलं पहिलं पत्र. दादा रागानं नाही, लाजून बोलत होता. त्यानं बंडीतून कार्ड काढलं.

"बाई, तुमीच वाचा बघू. हिनं नऊ वाचलं."

अंगणात सासरे होते, जाऊ होती; दोघांनाही वाचता येत नव्हतं. वाचता येणारे पुरुष कामावर गेले होते. कार्ड माझ्या हातात आलं. माझंच अक्षर, सुबक, खाडाखोड नसलेलं. नऊ.

मी मोठ्यानं वाचलं. "सोमवारी सकाळी सहा वाजता, इंदापूर स्टँडसमोर."

दादा कपाळाला हात लावून खाली बसला. "सहा लिवलंय, अन् हिनं आमाला भर उन्हात उभं केलं. शाळंला जातीया म्हणं!" जाऊ फणकारली, "वयनी, येत न्हाय तर वाचावं कशाला माणसानं? एकुलत्या भाच्याचं जावळ घालवलंस माझ्या दादाचं."

ती बाई खाली बघत हळू म्हणाली, "नऊच हुतं." मग तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "होतं वहिनी असं. नवीन शिकताना चुकतं माणूस." आणि कार्ड अंगणातल्या चुलीत सारलं.

तिचा वर्ग त्या आठवड्यात बंद झाला. दादानं केला.

जावेशी माझा हिशेब होता, मान्य. पण या बाईनं माझं काय केलं होतं? माझ्या मुलीच्या जावळाला तर ती आलीही नव्हती.

पुढं दोनेक वर्षांनी मी इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी कुणी येऊन उभं राहिलं. तीच, दादाची बायको. गाडी आत आली तशी तिनं बोट उचललं आणि पाटी वाचली, एकेक अक्षर सुटं करून, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "बा. रा. म. ती." मग माझ्याकडं वळली.

"बरूबर हाय का, बाई?"

"बरोबर," मी म्हटलं.

तेव्हापासून भेटेल तिथं ती हेच करत आली आहे. लग्नात पत्रिकेवरचं नाव, बारशात भांड्यावरचं नाव, माझ्या घरी भिंतीवरचं कॅलेंडर. एक ओळ वाचते आणि विचारते, बरूबर हाय का, बाई? चारचौघांना वाटतं, ती मला मान देते. दादाही हसतो, म्हणतो, "हिचं खूळ अजून गेलं न्हाय." मी दरवेळी बरोबर म्हणते. खरा सूड मी नाही, तिनं घेतला.

आता ती आणि दादा दोघंही थकली आहेत. म्हणून हे सगळं मी मोठ्या, सुट्या अक्षरांत उतरवून तिच्याकडं देणार आहे. तिनं ते दादाला वाचून दाखवावं, मोठ्यानं, मी समोर बसलेली असताना. जावेलाही बोलावणार आहे. अडखळली तर मी मध्ये बोलणार नाही. आणि या वेळी तिनं ‘बरूबर हाय का’ विचारलं की मी एवढंच सांगणार आहे: कार्डावर नऊ होतं, वहिनी.