सोमण काकांचं 'न वापरलेलं' लिनक्स

"हे बघ, आलं परत!" सोमण काकू खुर्ची मागे सरकवत म्हणाल्या. "काळं तोंड घेऊन उभं आहे."

स्क्रीनवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. वर लिनक्स, खाली विंडोज. काही सेकंदांत खालची ओळ निवडली नाही, तर कॉम्प्युटर आपणहून लिनक्स सुरू करायचा. काकूंचा चष्मा सापडेपर्यंत ते सेकंद संपून जायचे. मग लिनक्स उघडायचं, ते बंद करायचं, कॉम्प्युटर परत चालू करायचा, आणि तोवर चष्मा पुन्हा कुठेतरी ठेवलेला असायचा.

"मला हे कायमचं गेलेलं पाहिजे," काकू म्हणाल्या. "घरात कोणी वापरत नाही. काय हो?"

सोमण काका खिडकीपाशी बसून ड्राइव्ह-वेवर साचलेल्या बर्फाकडे बघत होते. "हं," ते म्हणाले. "काढून टाक."

मी मिशिगनमध्ये, ट्रॉयला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवते. आधी एका ऑटो कंपनीच्या आयटी डिपार्टमेंटमध्ये होते. ले-ऑफ झाला तेव्हा ठरवलं, यापुढे माझी बॉस मीच. डेंटिस्टची क्लिनिक्स, वकिलांची ऑफिसं आणि मराठी मंडळातले काका-काकू हे माझे क्लायंट. क्लिनिकमध्ये मी थेट कामाला लागते. काका-काकूंकडे आधी बूट काढायचे, मग पोहे खायचे, नागपूरला आईचे गुडघे कसे आहेत ते सांगायचं, आणि एवढं झालं की मग कॉम्प्युटरला हात लावायचा. या क्रमात बदल केलेला काकूंना चालत नाही. मलाही आता चालत नाही, कारण पोहे फार छान असतात.

एका कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम्स ठेवल्या, तर त्याला ड्युअल बूट म्हणतात. दोन भावांनी एक घर वाटून घ्यावं तसं. डिस्कचा अर्धा भाग एकाचा, अर्धा दुसऱ्याचा, आणि पुढचं दार एकच. या घरात दाराची किल्ली लिनक्सकडे होती. अशा वेळी घाईघाईने लिनक्सचा वाटा पुसून टाकला, तर किल्लीही त्याच्याबरोबर जाते आणि विंडोज आतल्या आत अडकून पडतं. म्हणून आधी किल्ली विंडोजच्या हातात द्यायची आणि मगच दुसऱ्या भावाला निरोप द्यायचा. काम अवघड नाही. क्रम मात्र चुकवायचा नाही, पोह्यांसारखाच.

काकूंची खरी तक्रार त्या काळ्या स्क्रीनपेक्षा मोठी होती. विंडोजच्या वाट्यातली जागा संपत आली होती. अपडेट्स होत नव्हते आणि काकूंचं रेकॉर्डिंग मध्येच बंद पडत होतं. हे रेकॉर्डिंग म्हणजे काकूंचा जीव की प्राण. मंडळाच्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी त्या दर आठवड्याला एक गोष्ट सांगायच्या आणि शनिवारी शाळेची शिक्षिका केतकी ती वर्गात लावायची. गोष्ट त्यांनी स्वतः रचलेली. एक कासव समुद्र बघायला निघालंय आणि गेलं वर्षभर ते चालतच आहे.

"पण एक सांगते, मृणाल," काकू मला म्हणाल्या, "ज्या दिवशी मी मुलांसमोर अडखळेन, त्या दिवशी बंद. मागे मंडळात एक गृहस्थ बोलता बोलता थांबले. पुढचं आठवेचना बिचाऱ्यांना. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझ्याकडे कोणी तसं बघितलेलं मला सोसायचं नाही."

"आणि आता रेकॉर्ड करताना अडलात तर?"

"तर काय? आमचा कॉम्प्युटर हुशार आहे. मी थांबले की आपोआप थांबतो, मी बोलायला लागले की परत सुरू होतो. मला काही करावं लागत नाही. अपलोड हे करतात. एक बटण दाबायला यांना अख्खी सकाळ लागते, ते सोड."

मी रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडून बघितला. विंडोजबरोबर येतो तो साधा प्रोग्रॅम होता. आपोआप थांबण्याइतकी अक्कल त्याला कोणी दिलेली नव्हती. म्हटलं, असेल काहीतरी, नंतर बघू.

कुठलाही वाटा पुसण्याआधी त्यात काय आहे ते बघायचं, हा माझा नियम. मी लिनक्स सुरू केलं. पासवर्ड काकांनी खिडकीपासून न हलता सांगितला. कोण कधी लॉगिन झालं याची नोंद तिथे आपोआप होत असते. जे कोणी वापरत नाही, त्यात रोज पहाटे कोणीतरी लॉगिन करत होतं. त्या दिवशीसुद्धा केलेलं होतं. आणि विंडोजप्रमाणेच लिनक्सचा वाटाही जवळजवळ भरलेला होता. जागा खाणारा एकच फोल्डर होता. त्याचं नाव 'राहिलेलं'.

मी मान वळवून काकांकडे बघितलं. काकांनी बर्फाकडे बघितलं.

तेवढ्यात क्युपर्टिनोहून लेकीचा फोन आला आणि काकू तो घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. त्यांची पावलं वर वाजेपर्यंत काका थांबले. मग उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"काका, हे तुम्ही वापरता."

"वापरतो."

"मग 'काढून टाक' कशाला म्हणालात?"

"नको म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं. आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही."

"कॉम्प्युटर आपोआप थांबतो, हे कोणी सांगितलं त्यांना?"

काका जरा गडबडले. "ते... ते कॉम्प्युटरबद्दल बोललो. ते वेगळं."

काकांची सगळी नोकरी कार कंपन्यांमध्ये गेली. गाडीच्या आत ऐकू येणारी घरघर, खडखड, वाऱ्याचा आवाज शोधायचा आणि घालवायचा, हे त्यांचं काम. त्यासाठीची सॉफ्टवेअर्स लिनक्सवर चालायची, म्हणून रिटायर झाल्यावरही त्यांनी लिनक्स सोडलं नव्हतं. आता त्यावर ते काकूंच्या गोष्टी साफ करत होते. पहाटे उठून काकूंचं रेकॉर्डिंग लिनक्समध्ये घ्यायचं, त्यातला खोकला काढायचा, अडखळणं काढायचं, मधली लांब शांतता काढायची, सांधा कळणार नाही असा जुळवायचा आणि तिथूनच अपलोड करायचं. मूळ रेकॉर्डिंग विंडोजमधून हलवायचं, म्हणजे काकूंच्या हाती लागायला नको. काकू स्वतःचा आवाज कधी ऐकायच्या नाहीत. "ऐकवत नाही मला माझा आवाज," म्हणायच्या. त्यामुळे हा सगळा कारभार बिनबोभाट चालला होता.

"काकू अलीकडे जास्त विसरतात का?" मी हळूच विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे, काळजी करू नका. मी करतो. पण तिला गोष्ट सांगताना बघितलंयस? तेवढा वेळ ती पूर्वीची असते. ते बंद पडलं तर ती बसून राहील. मला ते बघवणार नाही."

"आणि हे 'राहिलेलं'?"

काकांनी एक फाइल लावली. काकूंचा आवाज आला, "आणि मग कासव... कासव... अहो, कुठवर आलं होतं हो कासव?" लांबून काकांचा आवाज, "पुलापर्यंत!" काकू, "पुलावर काय करतंय?" काका, "चहा पितंय." मग काकू जे हसल्या ते थांबेचनात. हसता हसता खोकला आला, खोकल्यानंतर परत हसू.

"हे कापलेले तुकडे आहेत," काका म्हणाले. "आयुष्यभर नको असलेले आवाज काढले. एकही कधी ठेवला नाही. हे मात्र टाकवत नाहीत गं. तिचं हसणं आहे. त्याला कचरा कसं म्हणू?"

मी क्लायंटकडे रडत नाही, म्हणून उगाचच केबल्स तपासल्या.

आता माझी पंचाईत बघा. काम सांगणाऱ्या काकू. त्यांना लिनक्स कॉम्प्युटरमधून गेलेलं हवं आणि विंडोजला जागा हवी, दोन्ही मागण्या रास्त. ते लपवून ठेवणं म्हणजे क्लायंटला फसवणं. पुसून टाकणं म्हणजे पुढच्या शनिवारी मुलांना सगळं ऐकू येणार आणि काकू गोष्ट बंद करणार.

यावर एक सरळ उपाय होता. लिनक्सला आतच राहायला पाहिजे असं नाही. ते बाहेरच्या, तळहाताएवढ्या डिस्कवरही राहू शकतं. डिस्क जोडली की कॉम्प्युटर लिनक्सने सुरू होतो. काढली की तिथे लिनक्स कधी नव्हतंच, असं विंडोज वागतं. गाडीत एक कोरी डिस्क होती. तिच्यावर लिनक्स आणि काकांची सॉफ्टवेअर्स टाकली, 'राहिलेलं' कॉपी केलं, आणि कॉपी उघडून, ऐकून खात्री केली. कॉपी झाली असं कॉम्प्युटर म्हणतो, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. मग विंडोजच्या हातात किल्ली दिली, रीस्टार्ट करून बघितलं, लिनक्सचा वाटा पुसला आणि ती जागा विंडोजला जोडून दिली.

काकू खाली आल्या. कॉम्प्युटर चालू केला. काळी स्क्रीन आलीच नाही.

"गेलं?"

"कॉम्प्युटरमधून गेलं," मी म्हणाले. यात एक शब्दही खोटा नव्हता. डिस्क काकांच्या चष्म्याच्या घरात गेली होती.

थंडी सरून ड्राइव्ह-वेवरचा बर्फ वितळला, तरी सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस काकूंचा फोन आला. "मृणाल, ये. आत्ता."

त्यांनी पोह्यांचं नावही काढलं नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

घरी गेले तर काका सोफ्यावर, डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची झाकणी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी काही दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही असं बजावलं होतं. काकू उभ्या होत्या.

"तू ते लिनक्स काढलंस आणि कॉम्प्युटर बिघडवलास," त्या म्हणाल्या. "यांना त्रास नको म्हणून गोष्ट मीच अपलोड केली. तो थांबलाच नाही! केतकीचा फोन आला, मुलं विचारताहेत ते आजोबा कोण. मी पहिल्यांदा माझं रेकॉर्डिंग ऐकलं. सगळं आहे त्यात. खोकणं, विसरणं, यांना हाका मारणं. सगळ्या मुलांनी ऐकलं!"

मी काकांकडे बघितलं. दोष माझ्यावर घेतला असता तर एक क्लायंट गेला असता, एवढंच. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "तिने काही बिघडवलेलं नाही. तो कधीच थांबत नव्हता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चष्म्याच्या घरातून डिस्क काढून माझ्या हातात दिली. मी ती जोडली आणि 'राहिलेलं' उघडलं. काकू खुर्चीत बसल्या आणि ऐकत राहिल्या. एकामागून एक, बराच वेळ. पुलावरचा चहा आला तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले. ते हसून की रडून, ते मला सांगता येणार नाही.

"म्हणजे मी इतकी विसरते."

"विसरतेस," काका म्हणाले.

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"तू बंद केलं असतंस."

"आताही करणार आहे. मी म्हटलं होतं तुम्हाला. मुलांसमोर नाही."

काकांनी डोळ्यावरची झाकणी चाचपून नीट केली.

तेवढ्यात काकूंच्या फोनवर केतकीचा मेसेज आला. वर्गातल्या मुलांची एक व्हॉइस नोट होती. काकूंना ती ऐकायची नव्हती. मीच लावली. आधी नुसता गोंधळ, मग एका मुलीचा आवाज.

"आजी, द टर्टल स्टोरी वॉज सो फनी! बट आजोबांना सांगा ना, प्लीज स्पीक लाउडर. आय कुडंट हिअर की टर्टल कुठे गेला."

मागून चार-पाच जणांनी एकदम री ओढली, "लाउडर, आजोबा!"

कोणी एकमेकांकडे बघितलं, तर ते या दोघांनीच. काकूंनी नोट पुन्हा एकदा स्वतः लावली. मग काकांकडे वळल्या.

"ऐकलंत? जोरात बोलायचं. त्या सोफ्यावरून पुटपुटायचं नाही. माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसायचं."

"बरं," काका म्हणाले.

"आणि काही कापायचं नाही."

"खोकला?"

"खोकला कापा," काकू म्हणाल्या आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला गेल्या.

आता गोष्ट दोघं मिळून सांगतात. कासव अजून समुद्रापर्यंत पोहोचलेलं नाही, कारण ते कुठवर आलंय यावर दोघांचं एकमत होत नाही आणि ते भांडण मुलांना गोष्टीपेक्षा जास्त आवडतं. खोकला कापायला विंडोजवर एक साधा प्रोग्रॅम टाकून दिलाय. म्हणजे लिनक्स आता खरोखरच कोणी वापरत नाही. मागच्या आठवड्यात मी काकूंना विचारलं, "ती डिस्क पुसून देऊ का? दुसऱ्या कशाला तरी उपयोगी पडेल."

"हात लावू नकोस," काकू म्हणाल्या. "माझी आहे ती. मी दुपारी ऐकते."

'हे घरात कोणी वापरत नाही, काढून टाक,' असं क्लायंट म्हणाला, की मी आता बॅकअप घेण्याच्याही आधी एक प्रश्न विचारते. घरात सगळ्यात आधी कोण उठतं?