धनुर्वाताची सुई आन् बाज्याच्या घरचा खर्डा

आजवर मी लोकांची लई टर उडवली. पण एकदा माझी मीच कशी उडवून घेतली, ते कुणाला सांगितलं न्हाय. आता तुम्ही घरचीच माणसं, तुमच्यापासनं काय लपवायचं? च्या घ्या आन् ऐका.

उचगावच्या अंगाला एक फौंड्री हुती. तिथं मी साचं भरायचो. लोखंडाचा रस ओतायचा, गार झाला की साचा फोडायचा. पायाखाली सगळी वाळू, खिळं, पत्र्याचं तुकडं. पायाला काय लागलं तर आमचं औषध काय? त्यावर चिमूटभर वाळू टाकायची आन् परत कामाला.

एकदा एकाच्या पायात खिळा घुसला. त्याला झाला धनुर्वात. पंधरा दिस दवाखान्यात धनुष्यागत वाकडा पडून हुता. वाचला गडी, पण मालकाला घाम फुटला. लगेच गेटवर कागद लागला.

मला मोठी अक्षरं जुळवून वाचता येत्यात. बारकी असली की मी चष्मा इसरलाय म्हणतो. मोठ्या अक्षरात हुतं, शनिवारी सगळ्यांनी इंजेक्शन घ्यायचं. बारकं बाज्यानं वाचलं, जो घेणार न्हाय त्याला गेटच्या आत घेणार न्हाय.

बाज्या म्हंजे बाजीराव, माझ्या जोडीचा गडी. सहा वर्सं टेंपरवारी. बायकोला सातवा महिना, आन् साहेबांनी शब्द दिलता, या महिन्यात तुला कायम करतो.

माणसं कुरकुरायला लागली. खरं सांगू? त्यांचं काय चुकत न्हवतं. एकानं साहेबाला इचारलं, "सायेब, हात सुजला, ताप आला, तर सोमवारची हजेरी कोण देणार?"

साहेब म्हणला, "कागद वाचा."

कागदावर त्याचं काय न्हवतंच की. आता माणसाला इचारल्याचं उत्तर मिळालं न्हाय की तो कुणाचंबी ऐकतो. आन् ऐकवायला मी तिथंच बसलोतो.

जेवायच्या सुट्टीत डबं उघडलं. बाज्याची बायको गगनबावड्याकडची. तिचा खर्डा म्हंजे हिरवी मिरची भाजून, लसूण-मीठ घालून असा वाटायची, की झाकण काढलं तरी शेजारचा शिंकायचा. बाज्या तो भाकरीवर असा थापायचा जसं लोणीच.

मी तोंड बारीक केलं. म्हणलं, "खाऊन घे बाज्या. शनिवारनंतर ह्यो खर्डा तुला गोड लागणार."

"का वो तात्या?"

"त्या सुईनं जिभेचं तिखट जातंय. माझ्या साडूच्या भावाला इचलकरंजीत मागावर कामाला असताना टोचली. आता मिरची काकडीगत खातो बिचारा. तांबडा रस्सा प्याला काय आन् उसाचा रस प्याला काय, त्याला दोन्ही एकच."

मला साडूच न्हाय. बायकोला बहीणच न्हाय. पण ते कुणाला ठावं?

आता बघा. मी म्हणलो असतो हात सुजंल, तर हसली असती. चक्कर यील म्हणलो असतो, तरी हसली असती. पण कोल्हापूरच्या माणसाचं तिखटच काढून घ्यायचं म्हणल्यावर त्याच्याकडं उरलं काय?

संध्याकाळपातूर ती गोष्ट भट्टीवरनं फिरून ऑफिसच्या शिपायापातूर गेली. दुसऱ्या दिवशी च्याच्या टपरीवर एक अनोळखी माणूस मलाच सांगतोय, "पावणं, त्या फौंड्रीत कामाला जाऊ नगा. तिथं जीभ मारत्यात. इचलकरंजीच्या एकाला तर बायको सोडून गेली म्हणं."

मी म्हणलं, "अरारारा." आन् खुशीत आणखी एक कप सांगितला.

शनिवार उजाडला. टेबल मांडलं, नर्सबाई पेटी घिऊन बसली. रांगेत एक माणूस न्हाय. साठ जण भिंतीला पाठ लावून उभं.

साहेब लाल झाला. "न्हाय घ्यायची तर राहू दे. सोमवारी गेट बंद. आन् कायम करायची यादी सुईचं कार्ड बघूनच हुईल."

माझी नजर बाज्याकडं गेली. तो खाली बघत म्हणला, "तात्या, मी न्हाय घेत. कायम हून घरच्या जेवणाचीच चव गेली, तर कमवायचं कशापायी?"

सहा वर्सं राबलेला गडी, घरी गरवार बायको, आन् माझ्या साडूच्या भावापायी नोकरी सोडाय निघालाय.

"बाज्या, मी थट्टा केली रं. मला साडूच न्हाय."

बाज्यानं माझ्याकडं बघितलं. "साहेबांनी काय कबूल केलंय तुमाला?"

मागनं कोणतरी म्हणला, "तात्या फुटला."

जल्मभर थापा मारल्या, सगळ्या खपल्या. एकदा खरं बोललो, तर कुत्रं इचारंना. शेवटी बाही वर केली आन् टेबलावर जाऊन बसलो. सुईला मी पोरापेक्षा जास्त भितो, हे घरात तेवढं म्हाईत. डोळं गच्च मिटून वरडलो.

नर्सबाई म्हणली, "काका, अजून टोचली न्हाय. माझा हात सोडा आधी."

टोचली एकदाची. लगेच बाज्यानं डबा पुढं केला. "खावा."

घास घेतला. कानातनं वाफ. "लई तिखट हाय रं."

"नाटक," एक जण म्हणला. "गेल्या साली एका मयतीत ह्योच खोटा रडलाता. घरच्यांपेक्षा जास्त."

दुसरा घास घेतला, नाक वाहाय लागलं. "नाटक." तिसरा घेतला, डोळ्यातनं धारा. मग बाकीच्यांनीबी आपापलं डबं काढलं. एकाचा ठेचा, एकाची तळलेली मिरची. सगळ्यांना आपल्याच घरचं तिखट तपासायचं हुतं. शेवटी मला बोलता यीना, दिसंना. पळत गेलो आन् पाण्याच्या बॅरलमधी मुंडकं घातलं ते बाहीरच काढंना.

बाज्यानं मला ओढून काढलं. तोंड बघितलं माझं. "ह्ये नाटक न्हाय," म्हणला, आन् बाही वर केली. "बाई, टोचा मला."

मग लागली की रांग. रांगेतनंच एकानं परत हजेरीचं काढलं. साहेब माझ्याकडं बघून आधीच मऊ पडलाता. त्यानं पेन काढलं आन् कागदाच्या खाली स्वतः लिहिलं, हात सुजला तर सोमवारची हजेरी भरपगारी. आधीच लिहिलं असतं तर माझी जीभ वाचली नसती का?

सोमवारी बाकीचं एकुणसाठ जण ठणठणीत कामावर आलं. बाज्या त्याच महिन्यात कायम झाला.

मी गेलो बेस्तरवारी, म्हंजे गुरुवारी. मधलं तीन दिस कुठं हुतो इचारू नका. घरातच, पण मागच्या बाजूला. नर्सबाईनं तब्येतीची चौकशी करून कागद लावलाता. बारकी अक्षरं बाज्यानं वाचली, "त्रास झालेले कामगार, एक. तक्रार, जुलाब." पुढं माझं नाव.

महिन्यानं दुसरी सुई आली. सगळी निवांत रांगेत. एक नवा गडी घाबरत बाज्याला इचारतोय, "ह्येनं काय त्रास हुतो का वो?"

बाज्या म्हणला, "कुणाला काय हुत न्हाय रं. साठात एकालाच झाला, आन् त्यो खोटारडा हुता."