शून्याची बिलं

आमच्या इस्पितळात त्याला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. ते नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळ्यांसाठी तो गाळणी. हे नाव मी ठेवलं, आणि कौतुकाने ठेवलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

मी तिथली फिजिओथेरपीची खोली चालवते. आखडलेले गुडघे, न उचलले जाणारे खांदे, अर्धांगवायूने लुळे पडलेले पाय माझ्याकडे येतात. तोंडाने मी फटकळ, त्यामुळे पेशंट निमूटपणे व्यायाम करतात आणि लवकर बरे होतात, असं माझं मत. गाळणी माझ्याहून बारा वर्षांनी लहान. कॉम्प्युटर विभाग म्हणजे तो एकटाच. बोलणं इतकं कमी की त्याची बायको एकदा मला म्हणाली, "ताई, भाजीत मीठ कमी झालंय का विचारलं, तरी हे विचारतात, कुणाला सांगायचंय?"

इस्पितळ चालवणाऱ्या थोरल्या डॉक्टरांना चार वर्षांपूर्वी आलेखांचं वेड लागलं. कुठल्या विभागात रोज किती लोक येतात, हे त्यांना पडद्यावर रंगीत बघायचं होतं. बाहेरची एक कंपनी ते करून देणार होती. तिथला माणूस म्हणाला, "बिलिंगचा पासवर्ड द्या, आम्हाला हवं ते आम्ही घेऊ." गाळणी म्हणाला, "तुम्ही आत यायचं नाही. आम्ही पाठवू."

झालं, मग बसला चार महिने खपत. चादरी ठेवायच्या खोलीशेजारी त्याने इस्पितळाचंच एक मशीन उभं केलं, ते तापतं म्हणून घरचा टेबलफॅन आणून लावला. हे मशीन रोज पहाटे बिलं नुसती वाचायचं. नाव, पत्ता, फोन, आजार, सगळं तिथेच काढून ठेवायचं. बाहेर जायचा तो एक खुणेचा नंबर, तारीख, विभाग आणि रक्कम, तेही कुलूपबंद होऊन. बाहेरून आत यायला त्याने वाटच ठेवली नव्हती. एवढा खटाटोप बघून मी म्हटलं, "अरे, तू कॉम्प्युटरवाला आहेस की गाळणी?" काउंटरवरच्या बायका खोखो हसल्या आणि नाव चिकटलं.

मग गेल्या वर्षाअखेरीला थोरल्या डॉक्टरांनी मला बोलावलं. पडद्यावर माझ्या खोलीची रेघ जमिनीला टेकलेली. रोजचे पेशंट तीन.

"बाई, खोली बंद करावी लागेल. तिथे स्कॅनचं नवं मशीन बसवू. पुढच्या सोमवारी बैठकीत ठरवून टाकू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीन? अहो, सकाळी नऊच्या आत तीन जणांचे गुडघे मी वाकवलेले असतात!"

"मी आकड्यांवरच जाणार," ते म्हणाले. तसे ते वाईट नाहीत, पण आकडा दिसला की त्यांना माणूस दिसत नाही.

मी त्या आलेखवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आम्हाला थेट बिलिंगमध्ये शिरू द्या, तासाभरात गडबड शोधून देतो." मी तडक गाळणीकडे गेले. तो नाही म्हणाला.

"अरे, माझी खोली चाललीय! एवढी माणसं सोमवारनंतर कुठे जाणार? एक तासच तर मागतोय तो!"

"ताई, त्यात सगळ्यांची बिलं आहेत." जरा थांबून, माझ्याकडे न बघता तो पुन्हा म्हणाला, "सगळ्यांची."

 तीन वर्षांपूर्वी माझे हे गेले, तेव्हा आठ महिने मी दुसऱ्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरांकडे जात होते. फाइल आणायला जाते असं सगळ्यांना सांगायचे. प्रत्येक वेळेचं बिल होतं. ते गाळणीच्या नजरेखालून गेलं असणारच, आणि तीन वर्षांत या बाबाने मला ताकास तूर लागू दिली नव्हती. हे सगळं तिथे उभ्याउभ्या मला कळलं. पण राग राग असतो. "मग बस तुझं मशीन उराशी धरून!" म्हणाले आणि दार आपटून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खोली उघडते तर बाकावर गाळणी. मांडीवर वही.

"काय रे, गुडघा दुखतोय?"

"नाही. मोजतोय."

दिवसभर तो तिथून हलला नाही. माणूस आत आला की वहीत एक रेघ. माझे पेशंट त्यालाही पेशंटच समजले, एका आजीने तर त्याला मान फिरवायचा व्यायाम शिकवला. त्यानेही तो केला, नाही म्हणवेना म्हणून. दुपारी तीनच्या सुमाराला एक बसड्रायव्हर खांद्यासाठी आला आणि त्याने हातातला कागद पुढे केला. गाळणीने तो मागून घेतला.

"ह्यावर शून्य रुपये का?"

"पहिल्या दिवशीच दहा वेळांचे पैसे भरतो ना आपण," ड्रायव्हर म्हणाला. "मग पुढे नऊ वेळा शून्याचं बिल देतात. ते दाखवल्याशिवाय ह्या बाई आत घेत नाहीत."

गाळणी एकदम पांढरा पडला. वहीत चौतीस रेघा होत्या. ती वही त्याने मिटली आणि मग मला सगळं सांगितलं. काउंटरवरचा प्रिंटर सारखा अडकतो. चालू झाला का बघायला तिथल्या बायका शून्याचं एक बिल काढून बघतात. दिवसाला शंभर-दीडशे. हा सगळा कचरा पुढे कशाला पाठवायचा, म्हणून गाळणीनेच मशीनला सांगून ठेवलं होतं, शून्याचं बिल दिसलं की टाकून दे.

"माझ्या हातून झालंय हे. ताई, मी कधी काउंटरच्या ह्या बाजूला येऊन बसलोच नाही."

एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्याचा चेहरा बघून माझाच जीव गलबलला. चहा मागवला आणि म्हटलं, "पी आधी. मग रड."

सोमवारच्या बैठकीत तो उठून उभा राहिला, वही दाखवली आणि म्हणाला, "आलेख बरोबर आहे. त्याला आकडे मी चुकीचे दिले." आता काउंटरच्या चाचणीच्या बिलांना वेगळी खूण केलीय, बाकी सगळी बिलं जातात, हेही सांगितलं. थोरल्या डॉक्टरांनी नवी रेघ बघितली, चष्मा पुसला आणि स्कॅनचं मशीन दुसरीकडे बसवायचं ठरवलं. माझा जीव भांड्यात पडला.

सगळे उठायला लागले. गाळणी उभाच. "अजून एक आहे," तो म्हणाला.

त्याचा करार त्याच महिन्यात संपत होता. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, बस म्हणून.

"मागच्या वर्षी आपण वाचा-उपचाराची खोली बंद केली. ह्याच आलेखावरून. तिथेही दहा-दहा वेळांचे पैसे एकदम घेत होते."

डॉक्टरांनी समोरचे कागद गोळा केले. म्हणाले, "ते आता होऊन गेलं."

"गेलं. पण चुकीचं झालं."

त्याचा करार दोन वर्षांऐवजी सहा महिन्यांचाच केला. गधड्याला मी नंतर हवं तेवढं ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "रविवारी माझ्याबरोबर याल?"

त्या खोलीतल्या बाईंना आम्ही बोलबाई म्हणायचो. उशिरा बोलणारी मुलं आणि वाचा गेलेली मोठी माणसं यांना त्या बोलायला शिकवायच्या. खोली गेल्यापासून त्या घरीच होत्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गाळणी प्रत्येक जिन्यावर थांबत होता.

"काय बोलायचं ते पाठ केलंयस का?"

"हो."

"आणि विसरलास तर?"

"तुम्ही आहात ना."

बोलबाईंनी हात पुसत दार उघडलं. त्याने उंबऱ्याबाहेरूनच एका दमात सगळं सांगितलं. शून्याची बिलं, प्रिंटर, मशीन, स्वतःची चूक. मला वाटलं, आता ह्या दार लावतात. मी असते तर लावलंच असतं.

त्यांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "दीड वर्ष मी घरात सांगतेय, माझी खोली भरलेली असायची," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात, मग बंद कशी केली? सासूबाईंना तर वाटतं, मी नुसती फुशारकी मारते." आणि त्यांनी दार पूर्ण उघडलं. "आत या. त्यांच्यासमोर म्हणा."

गाळणीने चपला काढल्या. आत त्यांचे यजमान पेपर वाचत होते, सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. तो खोलीच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"ह्यांच्याकडे शेवटच्या वर्षात लोक दोन हजार एकशे सहा वेळा आले होते. मी सगळी बिलं मोजलीयत. ती मी टाकून दिली होती, म्हणून कुणाला दिसली नाहीत."

यजमानांनी पेपर खाली ठेवला. सासूबाईंनी कानामागे हात धरला. "किती म्हणालास?"

गाळणीने पुढे होऊन, पहिल्यापेक्षा मोठ्याने, तो आकडा पुन्हा सांगितला.