हर्सूलच्या तळ्यावरचा संशय

काल छावणीच्या बाजारातून जात होतो. चैत्राचं ऊन, वितळणारा बर्फ, आणि त्यात रात्रभर प्रवास करून आलेल्या बांगडा मासळीचा उग्र, खारट वास. आम्ही भिक्षुकांच्या घरातले. त्या वासाला नाक मुरडतच वाढलो. मला मात्र त्या वासानं माझे सासरे आठवले.

ते मालवणकडचे. उभा जन्म दर्यावर गेलेला. सासूबाई गेल्यावर बायकोनं त्यांना आमच्याकडं आणलं. आईनं पहिल्याच दिवशी बजावलं, "या घरात मासळी शिजायची नाही." त्यांनी मुकाट मान हलवली.

शिमगा सरला तसे ते सकाळी फिरायला जाऊ लागले. परतताना सदऱ्याच्या बाहीला पुसटसा तोच वास. कुठल्या खानावळीत बसतात की काय? डब्यातली कणीकही कमी होऊ लागली. आईला वास आला नसेल, हे शक्यच नव्हतं. तरी ती गप्प. त्याच सुमारास तिला रोज देवळात जावंसं वाटू लागलं होतं. मला शंका आली, ही त्यांच्यावर पाळत ठेवतेय. एखाद्या दिवशी चारचौघांत त्यांना उघडं पाडेल, आणि तो मानी माणूस पिशवी उचलून मालवणच्या रिकाम्या घरात परत जाईल. बायकोच्या जिवाला ते सोसवलं नसतं.

म्हणून एके सकाळी मी त्यांच्या मागं हर्सूलला गेलो. तळं आटत आलेलं, काठाचा चिखल भेगाळलेला. बाभळीआडून पाहिलं, तर सासरे दगडावर बसलेले, आणि शेजारी पदर खोचून माझी आई! कणकेची बारीक गोळी वळून गळाला लावत होती.

"विहीणबाई, घाई नको," सासरे म्हणाले. "ऊन चढला की मासो खोल जाता. आताच काय तो काठाक येतलो."

"हळू बोला हो, पळंल तो," आई कुजबुजली. मग गळ पाण्यात सोडत म्हणाली, "समुद्रातबी असंच असतं का?"

"तिकडे उधाण बघूचा लागता. ह्या दिवसांत पाणी निवळ. माशाक जाळा दिसता."

मी पावलं न वाजवता मागं फिरलो. तासाभरानं आई आली, दोनदा हात धुतले आणि पूजेला बसली. गळाला लागलेल्या माशांचं ते दोघं काय करत, हे मला आजवर कळलेलं नाही. एकदोनदा विचारायला गेलो, तर आईनं असं काही पाहिलं की मी पेपर उचलून बाहेर गेलो.

सासरे जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा ओट्याशी भाजी निवडता निवडता आई एकदम म्हणाली, "आत्ता तिकडं उधाण असंल, नाही?"

आईनं समुद्र कधी पाहिलेला नाही. मी कॅलेंडरकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. माणूस जातो; त्याचं पाणी कुणाच्या मनात चढत-उतरत राहतं, हे शेजारी बसूनही आपल्याला ठाऊक नसतं.

"असेल," मी म्हणालो. ती पुन्हा भाजी निवडू लागली.