दोन मनासे आणि एक काशिराम

पनवेलात मनासे आपटेकर दोन होते, आणि यात दोष कुणाला द्यायचाच तर तो त्यांच्या आजोबांना. म्हातारे मनासे आपटेकर गावात एवढा मान मिळवून गेले की त्यांच्या माघारी राफेल आणि जुडाह या दोन्ही मुलांना आपल्या पहिल्या पोराला बापाचंच नाव द्यायचं होतं. इस्राएल आळीत, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या वस्तीत, गेलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीतच होती. एकानं ठेवलं म्हणून दुसऱ्यानं आपला हक्क का सोडावा? कुणीच सोडला नाही. मग समोरासमोरच्या दोन घरांत एक मनासे आपटेकर आणि दुसरा मनासे आपटेकर वाढू लागले.

दिसायला मात्र घोटाळा व्हायची सोय नव्हती. राफेलचा मनासे दाराएवढा रुंद, हुतुतू खेळणारा. जुडाहचा मनासे काडीपैलवान, जाड भिंगांचा चष्मा लावून पेटी वाजवणारा. आळीत दावीद राजाच्या नाहीतर मोशेच्या आख्यानाचं मराठी कीर्तन असलं की पेटीवर तो, शाळेच्या संमेलनातही तोच. गाव एकाला हुतुतूवाला म्हणे, दुसऱ्याला पेटीवाला. घोटाळा व्हायचा तो बाहेरच्यांचा. पेणच्या कीर्तनाचं आमंत्रण हुतुतूवाल्याच्या घरी यायचं. एकदा उरणच्या एका उत्साही माणसानं सामना जिंकल्याबद्दल हार घातला तो पेटीवाल्याला, आणि तो बिचारा इतका भिडस्त की समोरच्याचं मन मोडू नये म्हणून हार गळ्यात ठेवूनच घरी आला. आळी आठवडाभर हसत होती.

गोष्ट मात्र या दोघांची नाही, काशिरामची आहे. काशिराम आगरी, खाडीकडच्या गावातला. बाजारात त्याचं भाड्यानं सायकली द्यायचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता तो दिवसभर हुतुतूबद्दल बोलायचा, आणि गिऱ्हाईक खेळातलं निघालं तर चाक तसंच राहायचं. ऐन उमेदीत खांदा निखळला म्हणून त्याचं स्वतःचं खेळणं सुटलं. मग त्यानं उदय क्रीडा मंडळ काढलं. मंडळाचा चालक तो, शिकवणारा तो, मैदानात पाणी मारणाराही तोच. बायको सत्यवती म्हणायची, "तुमचं लगीन माझ्याशी झालंय का त्या मंडळाशी, ते एकदा सांगून टाका."

हुतुतूवाल्या मनासेला त्यानंच घडवलं. पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यानं त्याला नदीकाठी पोरांत खेळताना पाहिलं आणि दुकान उघडं टाकून तिथंच उभा राहिला. एवढ्या जड अंगाचा मुलगा असा हलका पळतो कसा, हे त्याला कळेना. दम असा की 'हुतुतू' म्हणत गडी पलीकडच्यांच्या अगदी शेवटच्या रेघेपर्यंत जाई आणि दोघातिघांना शिवून परत येई. काशिरामचा त्याच्यावर जीव जडला. इस्राएल लोक शनिवार पाळतात, म्हणून मनासे शनिवारी खेळत नसे, तर काशिराम तालुक्यातल्या प्रत्येक संयोजकाशी भांडून सामना रविवारवर न्यायचा. "आमचा गडी शनवारी नाय खेळत, तर आमीबी नाय खेळत," असं तो सांगायचा. मनासेही त्याचा शब्द देवाच्या शब्दाखालोखाल मानायचा.

बावन्न सालच्या हिवाळ्यात मंडळ पहिल्यांदाच जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचलं. काशिरामला जेवण जाईना. जिंकणाऱ्याला मिळणारी ढाल टांगायला त्यानं दुकानात खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. आणि नेमका त्याच आठवड्यात पांढरी पँट घातलेला एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

तो मुंबईच्या एका कापडगिरणीच्या संघाचा व्यवस्थापक होता. पनवेलच्या मनासे आपटेकरचं नाव त्यानं ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. गिरणीत कायमची नोकरी, राहायला खोली, आणि संघातून खेळणं. गडी पसंत पडला तर आजच सोबत घेऊन जायचं, कारण त्यांचेही सामने तोंडावर आले होते. सगळं घडाघडा सांगून त्यानं विचारलं, "मनासे आपटेकरांचं घर कुठे?"

काशिरामच्या हातात पाना होता. तो त्यानं उगाच एकदा पुसला. आजच घेऊन जाणार म्हणजे रविवारी मनासे नाही. मनासे नाही म्हणजे मग उरलं काय? त्या क्षणी त्याला ढालच दिसत होती, हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही, जे झालं ते सांगतो.

"इस्राएल आळीत जा," तो म्हणाला, "मशिदीच्या अंगाला. डाव्या हाताचं घर." इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत, ते पाहुण्याला माहीत होतं. डाव्या हाताचं घर जुडाहचं. हुतुतूवाला उजव्या हाताच्या घरात राहायचा.

खोटं असं तो एक अक्षरही बोलला नाही. मनासे आपटेकर विचारला, मनासे आपटेकर दाखवला. हेच तो पुढे बारा वर्षं स्वतःला सांगत राहिला, आणि एकदाही त्याला ते पटलं नाही.

पाहुणा तासाभरानं दुकानावरून परत गेला, तो काशिरामकडे न बघता. पेटीवाल्याला पाहून आपली कुणीतरी टिंगल केली असं त्याला वाटलं असावं. एस.टी. धरून तो मुंबईला निघून गेला. काशिरामनं मनाशी ठरवलं, सामना होऊन जाऊ दे, मग आपणच मुंबईला जाऊ, माणूस शोधू, मनासेला त्याच्यापुढे उभा करू.

रविवारी मंडळ हरलं. आणि हरलं ते मनासेमुळे. कुणाला बघवेना असा खेळला तो. चढाईला जायचा आणि मधली रेघ ओलांडून थोडा पुढे गेला की माघारी फिरायचा, कुणाच्या अंगाला हात लावायची हिंमत नसल्यासारखा. काशिरामचा संताप अनावर झाला. सगळ्या गावादेखत तो ओरडला, "तुझ्यात काय दमच नाय! उगाच डोक्यावर घेतला तुला!" मनासे मान खाली घालून उभा होता.

त्या रागात मुंबईला जायचं राहिलं. राग ओसरला तेव्हा लाज आड आली. लाज थोडी निवली तोवर पुढचा पावसाळा सुरू झाला होता, आणि इतक्या दिवसांनी जाऊन सांगायचं तरी काय? मनासेनं त्या वर्षी खेळणं सोडलं. भाताच्या गिरणीत पोती उचलायला लागला. संध्याकाळी घरी जाताना तो दुकानावरून जायचा, भुवयांवर कोंडा बसलेला, आणि हात वर करून म्हणायचा, "काय काशिरामदादा?" काशिराम म्हणायचा, "काय नाय रे." पुढे मनासेचं लग्न झालं, जेरुशा घरात आली, मुलं झाली. पोत्यांनी त्याचा गुडघा गेला. तो लंगडत दुकानावरून जाऊ लागला तेव्हा काशिराम संध्याकाळची ती वेळ आली की मागच्या खोलीत जाऊन बसायचा.

सत्यवतीला एवढंच कळत होतं की नवऱ्याला काहीतरी खातंय. चौसष्ट साली आळीतून बातमी आली की राफेलचा मनासे बायकामुलांना घेऊन इस्रायलला चालला. आळीतली बरीच घरं तोवर गेलीच होती. त्या दिवशी काशिराम जेवता जेवता रडायला लागला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. सत्यवतीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग? त्याला सांगा. तो गेल्यावर कुणाला सांगनार, खिळ्याला?"

काशिराम गेला. उजव्या हाताचं घर निम्मं रिकामं झालं होतं. जेरुशानं त्याला बाकावर बसवलं, चहा टाकते म्हणाली आणि आत गेली. मनासे ट्रंकेला दोरी बांधत होता. काशिराम इकडचं तिकडचं काहीच बोलला नाही, नाहीतर जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली असती.

"बावन्न साली एक मानूस आलता मुंबईहून. तुला न्यायला. मी त्याला समोरच्या घरात धाडला."

मनासेनं दोरीची गाठ पुरी केली. "ठाऊक आहे, दादा."

"ठाऊक? तुला कसं ठाऊक?"

"तो माणूस समोरच्या घरातून बाहेर पडल्या पडल्या पेटीवाला भाऊ धावत माझ्याकडे आला होता," मनासे म्हणाला. "म्हणाला, तुझ्यासाठी आलेला दिसतो, स्टँडवर पळ. पळालो. गाडी उभी होती. तो खिडकीशी बसला होता, मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती."

"मग मारली का नाय?"

"भावाला मी विचारलं होतं, त्याला तुझ्याकडे पाठवलं कुणी? तो म्हणाला, काशिरामदादांनी." मनासे ट्रंकेवर बसला, दुखरा पाय लांब करून. "तुम्हाला तर आम्ही दोघंही ठाऊक. मी म्हटलं, दादांना मुंबईच्या संघासाठी गडी विचारला, आणि दादांनी मला दाखवला नाही. म्हणजे मी तेवढा नसणार. गावात ठीक आहे, पण तिथं गेलो तर दादांची मान खाली जाईल. तुमच्याएवढं माझं खेळणं दुसऱ्या कुणी पाहिलं होतं? मग कुठल्या तोंडानं हाक मारू? आणि रविवारी तुम्ही स्वतःच बोललात. मी म्हटलं, झालं, बरोबरच होतं."

काशिरामला वाटत होतं, आपण या माणसाची नोकरी घालवली. एवढीच कबुली तो तोंडात घेऊन आला होता. त्या जागी हे भलतंच निघालं. बारा वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी दुकानावरून जात होता, आणि रोज मनात समजत होता की आपण कुचकामी.

"अरे नाय रे!" तो ओरडलाच. "तू हातचा जाशील म्हनून लपवला तुला! तुझ्यासारखा गडी मी जल्मात बघितला नाय. मुंबईचे सगळे तुझ्या मागं पडले असते. मला ढाल पायजे होती रे, माझ्या सवार्थापायी…" पुढे त्याला बोलवेना. तो बाकावरून उठून मनासेच्या पायांशी वाकायला लागला. "मला माफ कर. तुजं वाटोळं केलं मी. माफ कर मला."

मनासेनं त्याला दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं आणि पुन्हा बाकावर बसवलं. मग आत तोंड करून त्यानं हाक मारली, "जेरुशा! चहा राहू दे. बाहेर ये. मुलांनाही आण."

जेरुशा पदराला हात पुसत दारात आली. तिच्यामागे मुलं आली.

"दादा, आता म्हणालात ते यांच्यासमोर पुन्हा सांगा."

काशिरामनं डोळे पुसले, मान खाली घातली आणि सुरुवात केली, "वहिनी, मी तुमच्या घरधन्याशी फार वाईट वागलो, मला माफ…"

"ते नाही, दादा," मनासे म्हणाला. "त्याच्या आधीचं सांगा. मी कसा खेळायचो ते."